चाळीस आणि एक्केचाळीसच्या मध्ये

१

बाळांनो, जरा कल्पना करा. शाळेच्या पटांगणात शहाऐंशी मुलं एका रांगेत उभी आहेत. थोरली पुढे, धाकटी मागे. बाई वीस वीस जणांना आत बोलावताहेत. पहिली वीस गेली, दुसरी वीस गेली, असं करत शेवटची सहाही आत गेली. पटांगण रिकामं झालं आणि तुम्ही अजून बाहेरच उभे आहात. तुमचं नाव कुणी खोडलेलं नाही. तुम्ही रांग सोडून पाणी प्यायलाही गेला नव्हता. तरी तुम्हाला हाकच आली नाही.

असं कसं होईल, म्हणाल. जुईलाही कालपरवापर्यंत तसंच वाटत होतं.

जुई सहावीत. सिल्वासाजवळच्या सायली गावात, धाग्याच्या एका कंपनीत तिची आई, सुमन अहिरे, ऑफिसचं काम बघायची. शाळा सुटली की जुई कंपनीच्या फाटकातून आत येऊन आईच्या टेबलामागच्या स्टुलावर अभ्यास करत बसे. मशीनचा घरघराट आणि तेलाचा वास तिच्या इतक्या अंगवळणी पडला होता की रविवारी घरात तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

त्या शनिवारी दुपारी घरघराट अचानक थांबला.

भिका सोनवणे मशीनवरची बॉबिन, धाग्याची रिळं, बदलता बदलता खाली बसला आणि पुन्हा उठलाच नाही. सिल्वासाच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. भिका चाळिशीचा, धुळ्याकडचा, हसरा माणूस. त्याची मुलगी दुर्गा जुईच्या वर्गात होती, शेजारच्याच बाकावर.

सोमवारी दवाखान्यातून एक कागद आला आणि कंपनीत कुजबुज सुरू झाली. तीन आठवड्यांपूर्वी सगळ्या कामगारांची हृदयतपासणी झाली होती. ज्यांच्या तपासणीत डॉक्टरांना शंका आली, अशा शहाऐंशी जणांना पुन्हा दवाखान्यात पाठवायचं होतं. त्यांची यादी संगणकावर आली. ती इंग्रजीत होती, म्हणून सुमनने ती मराठीत उतरवून फाटकाशी फळ्यावर लावली. कामगारांनी आपापलं नाव शोधलं आणि जाऊन तपासून आले. दोघांची तर वेळेवर शस्त्रक्रियाही झाली.

भिकानेही त्या दिवशी फळा वाचला होता. वरून खाली, मग पुन्हा खालून वर. नाव नाही असं बघून तो घरी गेला आणि दुर्गाला म्हणाला, “बघ पोरी, तुझ्या बापाचं काळीज घोड्यासारखं आहे!”

आता दवाखान्याच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, शहाऐंशी जणांत भिका सोनवणेचं नाव होतं.

मग फळ्यावर का नव्हतं?

दुर्गाच्या आईने, भिमाबाईने, फाटकाशी उभं राहून सगळ्यांदेखत विचारलं, “सुमन, माझ्या धन्याने तुझं काय वाईट केलं होतं?”

दुसऱ्या दिवशी वर्गात दुर्गाने आपलं दप्तर उचललं आणि ती मागच्या बाकावर जाऊन बसली. जुईने वळून पाहिलं, तर तिने मान फिरवली.

बुधवारी सकाळी कंपनीच्या साहेबांनी सुमनपुढे एक कागद ठेवला. त्यावर टाइप केलेलं होतं, ‘यादी उतरवताना माझ्याकडून एक नाव सुटले.’ खाली सहीची जागा मोकळी.

“नाशिकहून चौकशीला बाई येताहेत,” साहेब म्हणाले. “पाच वाजेपर्यंत त्यांना दुसरं काही सापडलं नाही, तर सही करायची. आणि उद्यापासून येऊ नका.”

२

नाशिकच्या बाई म्हणजे विद्या जोगळेकर. यादीची वेबसाइट ज्या संस्थेने बनवली, तिथल्या त्या जुन्या जाणत्या. वय पन्नाशीचं, जाड भिंगांचा चष्मा, हातात घरचा डबा आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. त्या आल्या आणि आधी फाटकाशी जाऊन, बोट टेकवत टेकवत, फळ्यावरची नावं मोजायला लागल्या.

“पंच्याऐंशी,” त्या परत येऊन म्हणाल्या. “एक कमी. अक्षर मात्र सुरेख आहे. कुणाचं?”

“माझंच,” सुमन चटकन म्हणाली.

स्टुलावर बसलेल्या जुईने मान खाली घातली. त्या दिवशी तिला शाळेत जायचा धीरच झाला नव्हता.

त्याच संस्थेसाठी वेबसाइट बनवणारा भावेश सिल्वासाचाच, बोलण्यात गुजराती मिसळणारा. पंचविशीतला, हुशार, जरा तोऱ्यातला. त्याने संगणक विद्याताईंकडे वळवला.

“जुओ मॅडम, सिम्पल आहे. एका पानावर वीस नावं. जन्मतारखेप्रमाणे लावलेली, मोठ्या वयाची आधी, डॉक्टरांनीच तसं मागितलेलं. आता हे बीजं, दुसरं पान. तेहतीस नंबरला बघा.”

विद्याताईंनी वाचलं, “भिका सोनवणे.”

“नाव छेच ने? कॉम्प्युटर खोटं नाय बोलत. सुमनबेननं घाई केली, एक लाइन सोडली. बस.”

“अरे, मी घाई कशाला करू?” सुमनचा आवाज फाटला. “मॅडम, मी एका पानाला एक कागद घेतला. वीस नावं झाली की खाली वीसचा आकडा टाकायचा आणि मगच पुढचं पान. लाइन सुटली असती तर एकोणीसच भरली नसती का?”

“मुद्दा बरोबर आहे,” विद्याताई म्हणाल्या. “सगळी पानं एका दमात लिहिलीत?”

“नाही. दोन पानं झाली आणि जेवणाची सुट्टी झाली. डबा खाऊन आले, मग तिसऱ्यापासून पुढची.”

“ते कच्चे कागद कुठे आहेत?”

सुमनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “गेले असतील कचऱ्यात.”

जुईने स्टुलाखालचं दप्तर पायाने हळूच मागे सरकवलं.

विद्याताईंनी पाठकोऱ्या कागदावर दोनच आकडे लिहिले, ८६ आणि ८५. मग भावेशला म्हणाल्या, “त्या दिवशी या यादीत कुणी कुठे कुठे हात लावला, त्याची नोंद राहते ना? काढ.”

भावेशने नोंद काढली. खाली सरकवत गेला आणि एका ओळीपाशी त्याचं बोट थबकलं.

“बाप रे!”

यादी लावली त्याच दिवशी दुपारी एक वाजून बावीस मिनिटांनी, सुमन डबा खात असताना, कुणीतरी भिका सोनवणेची नोंद उघडून बदलली होती. दुसऱ्या कुणाची नाही, एकट्या भिकाची. आणि बदलणाऱ्याचं नाव होतं वसंत चव्हाण, भिकाच्या पाळीचा सुपरवायझर.

वसंतचं आणि भिकाचं भांडण सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. श्रावणात कानबाईच्या सणासाठी भिकाने गावी जायला सुट्टी मागितली, वसंतने दिली नाही. भिका तरीही गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

३

वसंतला बोलावलं. आडव्या अंगाचा, घाईत असल्यासारखा बोलणारा माणूस.

“हो, मीच उघडली होती नोंद. मग?”

“काय बदललंत?” विद्याताईंनी विचारलं.

“मोबाइल नंबर.”

“ज्याच्याशी बोलत नव्हतात, त्याचा?”

वसंतचा चेहरा लाल झाला. “ओ मॅडम, बोलत नव्हतो म्हणून काय झालं? त्याचा फोन पाण्याच्या टाकीत पडला होता. नवा नंबर घेतला त्याने. माझ्या कानावर आलं, म्हणून टाकला. दवाखान्यातून फोन आला तर लागायला नको का माणसाला?” मग हळू आवाजात म्हणाला, “मला काय माहीत, फोन यायची पाळीच येणार नाही म्हणून.”

भावेशने तपासलं. खरंच, बदल तेवढाच होता. जुना नंबर जाऊन नवा आला होता. नाव, गाव, जन्मतारीख सगळं जसंच्या तसं. नाव लपवलेलं नाही, काढलेलं नाही, पुन्हा घातलेलंही नाही.

“वसंतच्या चौकशीतूनही काही निघालं नाही,” साहेब दारातून म्हणाले. “बाई, तुम्ही उगाच ताणताय. संगणकावर नाव आहे, फळ्यावर नाही. संगणक शहाऐंशी म्हणतो, फळा पंच्याऐंशी. एक नाव माणसाकडून सुटलं. हे तर दुसरीतलं पोरही सांगेल.”

“दुसरीतलं पोर सांगेल तेच बहुतेक वेळा बरोबर असतं,” विद्याताई म्हणाल्या. “पण मला वीसचा आकडा स्वस्थ बसू देत नाहीये. एखादी व्यक्ती पानागणिक मोजत असेल, तर तिच्याकडून ओळ सुटते कशी?”

“म्हणजे ती मोजत नव्हती. पाच वाजायला चाळीस मिनिटं आहेत.”

साहेब गेले. सुमनने टेबलावरचा कागद स्वतःकडे ओढला आणि टोपण काढून पेन हातात धरलं.

आता जुईच्या मनात काय चाललं होतं, ते तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर तुमच्यावर अन्याय होईल.

फळ्यावरचं ते सुरेख अक्षर जुईचं होतं. त्या दिवशी आईचं डोकं दुखत होतं. ऑफिसचं काम घरी नेऊ नये असा नियम असूनही आईने ते पाच कच्चे कागद घरी आणले आणि म्हणाली, “एवढं छान अक्षरात उतरवून दे गं.” जुईने उतरवलं. उतरवताना तिला एक नाव दोनदा दिसलं. आईचं डोकं दुखतंय, चुकून दोनदा लिहिलं असेल, असं तिला वाटलं. आई डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडली होती. तिला कशाला उठवा? म्हणून जुईने त्यातलं एक गाळलं आणि कुणालाच सांगितलं नाही.

ते नाव भिकाचं नव्हतं, याची तिला खात्री होती. पण गेले चार दिवस घास तोंडात गेला की तिला तो गाळलेला माणूस आठवायचा. आपण एक नाव कमी केलं आणि एक माणूस गेला. याचा त्याच्याशी काही संबंध असेल तर?

सांगावं, तर आईने काम घरी नेल्याचं उघडं पडणार. न सांगावं, तर आई सही करणार.

कच्चे कागद अजून तिच्याकडेच होते. पाठकोरे म्हणून त्यांवर तिने गणितं सोडवली होती. आता ते दप्तरात होते, स्टुलाखाली.

सुमनने पेन कागदावर टेकवलं.

“आई, थांब!” जुई म्हणाली. “पंच्याऐंशी मी केले.”

४

विद्याताईंनी पाचही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. आईच्या घाईच्या अक्षरातली नावं, प्रत्येक कागदाच्या तळाशी गोल केलेला आकडा. वीस, वीस, वीस, वीस, सहा.

“शहाऐंशी,” भावेश पुटपुटला. “पूरेपूर.”

“तू कोणतं नाव गाळलंस, बाळ?” विद्याताईंचा आवाज मुळीच चढला नव्हता.

जुईने बोट ठेवलं. दुसऱ्या कागदावर सगळ्यांत खाली होतं, ‘सुरेश वळवी’. तिसऱ्या कागदावर सगळ्यांत वर पुन्हा, ‘सुरेश वळवी’.

“व माय!” सुमन म्हणाली. “मी जेवून आले तेव्हा कुठवर लिहिलं होतं तेच विसरले होते. पान उघडलं, दिसलं ते लिहीत गेले.”

“म्हणजे तुम्ही दिसलं तेच लिहिलंत,” विद्याताई म्हणाल्या, “आणि सुरेश वळवी तुम्हाला दोन पानांवर दिसला. भावेश, वळवी नावाचे किती जण आहेत?”

“सुरेश वळवी एकच. आत्ता तिसऱ्या पानावर पहिला आहे.”

“मग त्या दिवशी तो चाळिसावा पण होता आणि एक्केचाळिसावा पण.”

“असं कसं? एक आदमी, दोन जागा?”

“थांब. त्याची जन्मतारीख काय?”

भावेशने वाचली. “एक जून एकोणीसशे पंच्याऐंशी.”

“भिकाची?”

“एक जून... एकोणीसशे पंच्याऐंशी.” भावेशने वर-खाली बघितलं. “मॅडम, ही तर अकरा जणांची आहे! बत्तीसपासून बेचाळीसपर्यंत सगळे एक जून. असं थोडंच असतं? मला वाटलं, कुणी कॉपी-पेस्ट केलंय.”

एवढा वेळ भिंतीला टेकून उभा असलेला वसंत पहिल्यांदाच हसला, पण ते हसू कडवट होतं. “तुला नाही कळायचं, भावेशभाई. आमच्याकडे आईबापाला पोराचा जन्म आठवतो तो पेरणीवरून, नाहीतर दुष्काळावरून. मास्तर शाळेत नाव घालताना विचारतो, तारीख? कुणाला येत नाही. शाळा जूनमध्ये उघडते, मग लाव एक जून. आणि जो शाळेतच गेला नाही, त्याला तपासणीच्या दिवशी विचारलं, वय किती? तो म्हणाला, असेल चाळीस. झालं, लिहिणाऱ्याने टाकली एक जून पंच्याऐंशी. माझीपण एक जूनच आहे. साल तेवढं वेगळं.”

विद्याताईंनी चष्मा काढून पुसला.

“सापडलं,” त्या म्हणाल्या. “जुई, ती नमुन्यांची पेटी आण बघू.”

पेटीत रंगीत धाग्यांच्या लहान लहान बॉबिन होत्या. विद्याताईंनी दोन पांढऱ्या, पाच राखाडी आणि दोन काळ्या उचलल्या. राखाडी बॉबिनच्या बुडाशी पेनने आकडे घातले आणि मग सगळ्या एका कागदाच्या खोक्यात टाकल्या.

“जुई, तू आता वेबसाइट. उजळ रंग आधी, गडद नंतर, अशी रांग लाव. आणि मला पहिल्या चार दे. हे माझं पहिलं पान.”

जुईने दोन पांढऱ्या दिल्या, मग हाताला लागल्या त्या दोन राखाडी. विद्याताईंनी बुडाचे आकडे टिपून घेतले, ‘एक’ आणि ‘तीन’, आणि चारही बॉबिन परत खोक्यात टाकल्या.

“परत का टाकल्या?” जुईने विचारलं.

“इथेच तर सगळे फसतात. आपल्याला वाटतं, संगणकात वहीसारखी पानं असतात आणि आपण ती उलटतो. तसं नसतं गं. तिथे पान नसतंच. तू ‘दुसरं पान’ मागितलंस की तो पुन्हा खोक्याकडे जातो, सगळ्यांची रांग पहिल्यापासून लावतो, पहिले चार मोजून सोडून देतो आणि पुढचे चार तुझ्या हातावर ठेवतो. चल, आता दुसरं पान दे.”

जुईने पुन्हा रांग लावली. पांढऱ्या दोन. मग राखाडी. पाचही राखाडी सारख्याच, कुणाला आधी ठेवायचं याचा नियमच नव्हता. तिने आल्या तशा ठेवल्या. पहिल्या चार सोडल्या, पुढच्या चार विद्याताईंच्या हातावर ठेवल्या. विद्याताईंनी बुडं उलटून बघितली.

“चार, तीन, दोन आणि एक काळी. म्हणजे तीन नंबर मला दोनदा मिळाली. मग पाच नंबर कुठे आहे?”

जुईने बघितलं. पाच नंबरची बॉबिन पहिल्या चारांत जाऊन बसली होती, सोडून दिलेल्या चारांत. पहिल्या वेळी ती मागे होती, म्हणून दिली नाही. दुसऱ्या वेळी ती पुढे आली, म्हणून मोजून सोडून दिली. खोक्यातून ती कुठेच गेली नव्हती. रांगेतही ती दोन्ही वेळा होती. फक्त कुणाच्या हाती लागली नाही.

“पाच नंबर म्हणजे भिकाकाका,” जुई म्हणाली.

“हो. सकाळी तो एक्केचाळिसावा होता. दोन पानं संपली, त्याची पाळी तिसऱ्यावर येणार होती. मग जेवणाच्या सुट्टीत त्याच्या नोंदीत नवा नंबर पडला. हा संगणक बदललेली नोंद जुन्या जागी ठेवत नाही, सापडेल त्या मोकळ्या खणात ठेवतो. भिकाची नोंद उचलली जाऊन पुढच्या खणात गेली. तारीख सगळ्यांची एकच, त्यामुळे रांगेतही तो पुढे सरकला आणि तेहतिसावा झाला. त्याच्या पुढ्यातले आठ जण एक एक जागा मागे गेले, म्हणून चाळिसावा सुरेश झाला एक्केचाळिसावा. सुमनताई जेवून आल्या, तिसरं पान उघडलं. सुरेश पुन्हा दिसला आणि भिका...”

“भिका दुसऱ्या पानावर गेला,” भावेश हळूच म्हणाला, “जे लिहून झालं होतं.” त्याचा तोरा कुठच्या कुठे गेला होता. “म्हणून आज मला तो तिथे दिसतो. आणि मी म्हणालो, सुमनबेननं सोडलं.”

वसंतने पडद्यावरच्या आपल्या नावाकडे बघितलं. “म्हणजे माझ्या हाताने...”

“तुमच्या हाताने तुम्ही चांगलंच केलंत,” विद्याताई म्हणाल्या. “रांगेचा नियम अर्धवट होता. तो नियम लिहिला आमच्या संस्थेने, आणि तपासला मी. जन्मतारीख सारखी निघाली तर पुढे काय बघायचं, ते आम्ही संगणकाला सांगितलंच नाही. आम्हाला वाटलं, तारखा अशा कितीशा जुळणार? इथल्या माणसांना एकदा तरी विचारायला हवं होतं.”

त्यांनी भावेशकडून तिथल्या तिथे दुरुस्ती करून घेतली. जन्मतारीख सारखी असेल तर नोंदणी क्रमांक बघायचा, कारण तो प्रत्येकाचा वेगळा. आणि ‘चाळीस सोडून पुढचे वीस’ असं मागायचं नाही. ‘मी ज्याच्यापाशी थांबलो, त्याच्या पुढचे वीस’ असं मागायचं. मग मधल्या वेळात मागेपुढे कुणी कितीही हलो, आपण जिथे थांबलो ती जागा हलत नाही.

“आणि आजवर ज्या ज्या याद्या अशा उतरवल्या गेल्या,” त्या भावेशला म्हणाल्या, “त्या सगळ्या काढ. ज्यात एक नाव दोनदा असेल, त्यात दुसरं एखादं नाव गायब असणार. आज बस आणि शोध.”

भावेश मान डोलावून लगेच कामाला लागला.

५

पाच वाजता साहेबांनी तो कागद उचलून फाडला. “यंत्राचा दोष. विषय संपला,” ते म्हणाले. “सुमनताई, उद्यापासून नेहमीसारख्या या. कच्चे कागद घरी गेले होते वगैरे मी ऐकलं नाही. कुणी बाहेर बोलूही नका. उगाच चर्चा नको.”

सुमनने हात जोडले. चार दिवसांनी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

विद्याताई फाटकाकडे निघाल्या, तशी जुई त्यांच्यामागे गेली. पाळी बदलत होती. माणसं डबे हलवत आत येत होती. फळ्यापाशी कुणी थांबत नव्हतं.

“ताई, एक विचारू? खरं सांगाल?”

“सांगेन.”

“नाव दोनदा आहे, हे मी त्याच दिवशी आईला विचारलं असतं तर?”

विद्याताई थांबल्या. मोठी माणसं अशा वेळी मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि ‘तसं काही नसतं गं’ म्हणतात. विद्याताईंनी तसं केलं नाही.

“तर कदाचित आईने संगणक पुन्हा बघितला असता. कदाचित भिका सापडला असता. तपासणीला गेला असता, तरी वाचला असता का, ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. आणि हेही ऐक. मी मुद्दाम शिकून सवरून हेच काम करते, तरी मला प्रश्न पडला नाही. तुला अकराव्या वर्षी तो दिसला होता. तू तो गिळलास, एवढंच. विचारायचं काम आमचं होतं, तुझं नव्हे. पण तुला वाईट वाटतंय तेही खोटं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही तुला बाळगाव्या लागतील.”

त्यांची रिक्षा आली. त्या गेल्या.

घरी जाताना सुमन म्हणाली, “देवाची कृपा म्हणायची. आता भिमाबाईला साहेब काय ते कळवतील. तू दुर्गाला काही सांगायला जाऊ नकोस हं. आपल्यावरचा आळ गेला, पुष्कळ झालं. ती काय समजणार त्यातलं?”

“आई, ती मला मागच्या बाकावरून बघते.”

“होईल गं ठीक. दिवस जाऊ देत.”

जुई चालता चालता मागे राहिली. गल्लीच्या तोंडाशी आईची वाट उजवीकडे जात होती. डावीकडे कामगारांच्या खोल्यांची लांबट ओळ होती. शेवटून दुसरी खोली दुर्गाची. दार उघडं होतं. आतल्या खुंटीवर कंपनीचा निळा शर्ट अजून टांगलेला होता आणि त्याच्याखाली भिमाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. दुर्गा दाराशी ताटली घासत होती. एकच ताटली, पुन्हा पुन्हा.

“जुई!” आईने लांबून हाक मारली. “इकडे!”

जुईने आईकडे पाहिलं. मग ती डावीकडे वळली. ओळीतली दारं एकेक करून मागे पडली. दुर्गाने मान वर केली आणि तिचा हात थांबला. पण ती उठून आत गेली नाही.

जुई तिच्यासमोर ओल्या फरशीवरच मांडी घालून बसली. दप्तरातून तिने विद्याताईंनी परत दिलेले दोन कागद काढले, दुसरा आणि तिसरा, आणि मध्ये ठेवले.

“दुर्गा, तुझ्या बाबांचं नाव कुणी खोडलं नव्हतं,” ती म्हणाली. “पण एक नाव मी गाळलं होतं. दुसऱ्या एकाचं. आणि त्याबद्दल मी कुणाला विचारलं नाही. तू रागावलीस तरी चालेल, पण आधी सगळं ऐक.”

आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.